जीपमागची खोली

वच्छलाने अट घातली ती मुदतीच्या तापानंतर. चार वर्षांची बेबी माघात धनजच्या घरी तापाने फणफणली, तेव्हा तिचा बाप इंद्रभान दिग्रसकडच्या एका लग्नात भोंगे लावून बसला होता. नेमके गाव घरी कोणालाच ठाऊक नव्हते. निरोप एका एसटी कंडक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. तो पोचून इंद्रभान परत आला तोवर ताप उतरणीला लागला होता. पोरगी वाचली, पण केस गळून गेले होते आणि भिंतीला धरल्याशिवाय तिला उभे राहता येत नव्हते.

इंद्रभानचा धंदा लाउडस्पीकरचा. एक जुनी मिलिटरी जीप, जनरेटर, बॅटऱ्या आणि भोंगे. लग्ने, जत्रा, एप्रिलमध्ये भीमजयंती. दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत त्याचे पाय घराला लागत नसत.

"एक तर हा धंदा सोडा अन् घरी राहा," वच्छला म्हणाली. "नाही तर आमाले संगं न्या."

"संगं न्या म्हंजे ठेवू कुठं? मंडपात?"

"ते तुमी पाहा. पुढच्या डावाले पोरगी जाईल अन् तुमाले मातीवर पन येता येनार नाही."

धंदा सोडायचा तर दुसरे काही त्याला येत नव्हते, आणि हे काम त्याला आवडत होते. म्हणून १९७६ च्या फाल्गुनात तो बापाला घेऊन मूर्तिजापूरला रामरावच्या वखारीत गेला. रामराव मिलिटरीचा लिलावातला माल आणि सरकारी खात्यांनी काढून टाकलेल्या गाड्या विकत असे.

जीपच्या मागे लावण्याजोगे तिथे दोनच नग होते. एक उघडा, बुटका, जाड लोखंडाचा ट्रेलर. दुसरा म्हणजे दोन चाकांवरची पत्र्याची खोली. पूर्वी ती कुठल्याशा सर्व्हेच्या पथकाकडे होती. बाजूला दार, दोन्ही अंगांना खिडक्या, जीपच्या दिशेला एक लहान काच, मागच्या भिंतीला लागून झोपायची फळी आणि पुढे स्टोव्ह ठेवायला कट्टा. आत माणूस ताठ उभा राहू शकत होता.

"इकायलेच बसलो मी, पन खरं सांगतो," रामराव म्हणाला. "हा बुटका घ्या. वरून ताडपत्री टाका. कुठंबी जाईल. ही खोली उंच हाय, वारा धरते."

"ताडपत्रीखाली बायको येनार नाही," इंद्रभान म्हणाला.

"मग घ्या खोली. पन हळू चालवा, अन् वजन पुढच्या अंगाले ठेवा जरा."

एवढे सांगून रामराव दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. इंद्रभानचा बाप देवमन तेव्हा खोलीची पुढची लोखंडी दांडी, जी जीपच्या हुकात अडकते, ती हाताने उचलून पाहत होता. देवमनने उभे आयुष्य बैलगाडी हाकली होती. धनजचा कापूस कारंज्याच्या बाजारात त्याच्या गाडीतून जाई. दोन चाकांवर वजन कसे बसवायचे हे त्याला कोणी शिकवावे अशी गरज नव्हती, आणि हे इंद्रभानलाही मान्य होते.

"पुढं वजन ठेवा म्हने," परतताना देवमन म्हणाला. "बैलाच्या मानेवर? याच्या बापानं गाडी जुपली होती का कधी?"

इंद्रभान हसला. विषय तिथेच संपला.

रामनवमीला पोहरादेवीची जत्रा. तिथल्या भोंग्यांचे काम इंद्रभानकडे होते. हरवलेल्या पोरांची नावे पुकारायची, पाण्याची जागा सांगायची, मधूनमधून रेकॉर्डी लावायच्या. जत्रेच्या आदल्या सकाळी देवमनने खोली स्वतः भरली. कोणाला हात लावू दिला नाही. जनरेटर मागच्या फळीखाली, त्याला लागून बॅटऱ्या, फळीवर गाद्या आणि ज्वारीचे पोते. पुढे फक्त भांडी आणि स्टोव्ह. प्रत्येक नग ठेवला की बाहेर येऊन दांडी उचलून पाहायचा, पुन्हा आत जाऊन नग बोटभर मागे सरकवायचा. बैलगाडी भरायची त्याची रीत हीच होती. पुढे जड झाली तर जू मानेवर बसते आणि बैल खांदे सोलून घेतो. फार मागे जड झाली तर गाडी उलार होऊन बैल लटकतात. चांगल्या गाडीवानाची गाडी या दोन्हींच्या मधे असते आणि किंचित मागे झुकते. देवमनची गाडी नेहमी तशी असे. त्याच्या बैलांच्या मानेला कधी गाठ आली नाही, हे धनजमध्ये सगळे मानत.

शेवटी त्याने एका हाताने दांडी उचलून दाखवली.

"पाहा! फुलावानी!"

"देवमनबुवा, घर कोनाचं पळवून चालले?" पारावरून कोणी तरी ओरडले.

"तुह्या सासऱ्याचं!"

"मंग सासूबी आत असंल! तिले वापस आनू नका म्हंजे झालं!"

वच्छला बेबीला घेऊन आत फळीवर बसली. जीपच्या मागच्या भागात भोंगे, बांबू आणि तारांची भेंडोळी कोंबली होती. पुढे दोन जागा, त्यांवर इंद्रभान आणि देवमन. दाराला बाहेरून कडी घालताना इंद्रभानने विचारले, "भेव वाटते का?"

"मले नाही. तुमाले वाटते का?"

"मले कायले वाटंल?"

कारंज्यापर्यंत काही झाले नाही. रस्त्यावर खड्डे होते आणि जीप हळूच चालत होती. गावातून जाताना एसटी स्टँडसमोर लोक थांबून पाहत होते, त्यामुळे इंद्रभान खुशीत होता. गाव सुटल्यावर मानोऱ्याकडचा नवा डांबरी पट्टा लागला आणि त्याने वेग वाढवला. तेव्हा पहिल्यांदा स्टिअरिंग हातात सैल झाल्यासारखे वाटले. आरशात पाहिले तर खोलीचा मागचा भाग डावीकडे जाऊन उजवीकडे येत होता. त्याने पाय काढला. खोली थोडी डुलली आणि सरळ झाली.

त्याने जीप बाजूला घेतली. टायरांवर लाथा मारून पाहिल्या. दोन्ही कडक होते. चाकांचे नट घट्ट होते.

"काहून थांबला?" देवमनने विचारले.

"शेपटी हालवून राह्यली."

"नवी हाय. अंग मोकळं करून राह्यली असंल."

इंद्रभानने कडी काढली. आत वच्छला फळीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. बेबी तिच्या मांडीवर झोपली होती.

"मगाशी काय झालं?" तिने विचारले. "आतून झुल्यावानी वाटलं. मी भिंतीवर गेली."

"काई नाही. हळू चालवतो."

"हळू चालवसाल तर काई नाही, अन् जोरात चालवसाल तर काई तरी, असं हाय का?"

दुपार चढत होती. उजेड आहे तोवर बांबू रोवून भोंगे बांधायचे होते, नाही तर काम दुसऱ्याला जाणार होते. त्याने पुन्हा कडी घातली.

मानोऱ्याच्या अलीकडे रस्ता एका नाल्यात उतरतो. लांब उतार, एका बाजूला कापलेली दरड आणि दुसऱ्या बाजूला रिकामी घळ. खाली नाल्यावर अरुंद फरशी, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. इंद्रभान माथ्यावर आला तेव्हा फरशीवर जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांची रांग होती. शेवटची गाडी नुकतीच फरशीवर चढत होती. तिच्यात बायका आणि पोरे दाटीने बसली होती.

त्याने जीप तिसऱ्या गिअरमध्येच उतारावर सोडली. ही चूक होती. उताराने वेग घेतला आणि खोली मागून ढकलू लागली. त्याने ब्रेकवर पाय ठेवला. जीपचा मागचा भाग हलका होऊन उचलल्यासारखा झाला, चाके घसरली आणि खोली डावीकडे फेकली गेली. मग उजवीकडे. दर खेपेला पहिल्यापेक्षा जास्त. जीपचे तोंड खोलीच्या उलट दिशेला वळत होते. त्याने स्टिअरिंग फिरवून सरळ करायचा प्रयत्न केला, तर झोका आणखी वाढला.

"अबे थांबव! थांबव!" देवमन ओरडला.

"थांबत नाही!"

त्याने ब्रेक आणखी दाबला. खोलीचे घळीकडचे चाक डांबर सोडून मातीवर गेले आणि परत आले. खाली गाडीवानाने मागे वळून पाहिले आणि बैलांना चाबूक मारला. पण त्याच्या पुढेही गाड्या होत्या. त्याला पळायला जागा नव्हती.

आत वच्छला पहिल्याच झटक्याला फळीवरून खाली पडली होती. ज्वारीचे पोते तिच्या पाठीवर आले. बेबी भांड्यांत जाऊन आदळली आणि रडू लागली. जनरेटर दोरात करकरत होता. दार बाहेरून बंद होते. तिला बाहेरचे काही दिसत नव्हते, फक्त खिडकीतून एकदा दरड आणि एकदा आभाळ. नवऱ्याला हाक मारायला एकच जागा होती, पुढची काच. ती पोरीला एका हाताने पोटाशी धरून रांगत पुढे गेली. पोतेही घसरत तिच्या मागे आले. कट्ट्यापाशी पोचून ती काचेवर मुठी मारू लागली.

इंद्रभानला त्या मुठी ऐकू आल्या. मागून काही तरी तुटले असे वाटून त्याचा पाय ब्रेकवरून निघाला. त्याच क्षणी झोका कमी झाला. थांबला नाही, पण कमी झाला. त्याने स्टिअरिंग नुसते घट्ट धरून ठेवले आणि गिअर खाली टाकला. इंजिन ओरडले. मग त्याने जीप दरडीच्या अंगाला घेतली. खोलीची बाजू दरडीला खरडत गेली, पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि सगळे उभे राहिले. फरशी समोर होती. शेवटच्या गाडीवरच्या बाईने हात लांब केला असता तर जीपच्या बॉनेटला लागला असता.

कडी वाकली होती. इंद्रभानने ती दगडाने ठोकून काढली. वच्छला बाहेर आली. बेबीचा ओठ फुटला होता, रक्त हनुवटीवरून फ्रॉकवर आले होते. वच्छलाने पदराने ते पुसले, ओठ उघडून दात पाहिले, हात-पाय दाबून पाहिले. तोवर तिने नवऱ्याकडे पाहिले नाही.

गाडीवरची बाई खाली उतरली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरसे लावलेली काचोळी. ती बंजारा होती, तिचे नाव सोनीबाई. तिचा नवरा भाऊसिंग बैलांच्या तोंडाशी उभा राहून त्यांना थोपटत होता.

"का रे भाऊ," सोनीबाई इंद्रभानला म्हणाली, "देवीले नवस म्हून घर आमच्या अंगावर टाकून राह्यला होता का?"

सोनीबाईने गाडीतून पाण्याची चरवी काढून बेबीच्या तोंडाला लावली.

"मी यात बसत नाही आता," वच्छला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मानोऱ्याहून एसटी भेटंल. पोरीले घेऊन धनजले जातो. तुमी जत्रा करा."

"वच्छले, ऐक—"

"ताप आला तवा तुमी दूर होते, म्हून जवळ राहावं म्हटलं. जवळ राहून तर आज दोघीबी गेलो असतो."

देवमन खोलीभोवती फिरत होता. फाटलेला पत्रा, चाक, आस, त्याने सगळे हाताने चाचपून पाहिले. काही मोडलेले नव्हते, आणि तेच त्याला समजत नव्हते.

"उतारावर तुह्यानं सांभाळली नाही," तो शेवटी म्हणाला. "भरनीत काई खोट नाही."

"खोट हाय, मामाजी," वच्छला म्हणाली.

देवमन वळला.

"मी मांगं होती तवर फेकत होती. पोरीले घेऊन पुढं गेली, पोतंबी पुढं आलं, अन् तवा जरा मऊ पडली. मले आतून समजलं ते."

"यानं बिरेक सोडला म्हून मऊ पडली."

"त्यानं पन असंल. मगाशी सपाटीवर तर बिरेकबी नव्हता. तरी हालतच होती."

इंद्रभानला वखारीतले बोलणे आठवले. "रामरावनं सांगतलं होतं, बाबा. वजन पुढं ठेवा."

"पुढं ठेवलं तर मानेवर येते!"

"कोनाच्या मानेवर?" वच्छलाने विचारले. "जीपले मान कुठं हाय?"

देवमन दांडीपाशी जाऊन उकिडवा बसला. हूक, दांडी, जीपचा मागचा भाग, असे तो बराच वेळ पाहत राहिला.

"काढा तो जनरेटर," तो उठून म्हणाला.

तिघांनी मिळून जनरेटर ओढत पुढे आणला. भाऊसिंगने बैल सोडून हात दिला. बॅटऱ्या कट्ट्याखाली गेल्या, पोते त्यांच्या शेजारी. मागे फक्त गाद्या राहिल्या. देवमनने बाहेर येऊन हूक सोडवला आणि दांडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. ती जेमतेम हलली.

"असं बैलाले जुपलं असतं तर गावानं जोड्यानं हानलं असतं मले," तो म्हणाला. दांडी पुन्हा हुकात बसवायला भाऊसिंगला हात लावावा लागला.

"आता चाला," इंद्रभान वच्छलाला म्हणाला.

"मी सांगतलं ना. मी बसत नाही."

"मंग मी एकटा नेऊन पाहतो. पलीकडं वळवतो, वर चढवतो अन् याच उतारानं खाली आनतो. तू उभी राहून पाह. हालली तर मीच एसटीत बसवून देतो तुले. हे घरबी इकून टाकतो, भोंगेबी."

"एकटा नाही," देवमन म्हणाला. "मी आत बसतो. मांगं, फळीवर."

"बाबा, तुमी कायले?"

"भरलं मी होतं."

त्याने धोतर खोचले, आत चढला आणि दार स्वतः ओढून घेतले. इंद्रभानने कडी घातली. वाकडी झाल्यामुळे ती पुरती बसत नव्हती.

भाऊसिंगने गाड्या पलीकडे नेल्या आणि फरशी मोकळी केली. जीप नाला ओलांडून गेली, शेताच्या वाटेवर वळली आणि परत येऊन उतार चढू लागली. वच्छला बेबीला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सोनीबाई तिच्याजवळ आली.

"म्हातारा तुहा सासरा का?"

"हो."

"कडू दिसते."

"कडूच हाय."

जीप माथ्यावर दिसेनाशी झाली. वळवायला वर जागा शोधावी लागत असणार. दोघी उतारावर नजर लावून होत्या.

"माही आजी असंच घर घेऊन फिरे," सोनीबाई म्हणाली. "बैलाच्या पाठीवर. गोन्या, भांडे, पाल, समदं."

"अन् ती कुठं बसे?"

"बसे कुठं व? घर चाले तवा आजी पायी चाले. घर उतरलं म्हंजे मंग आजी घरात."

वच्छलाने तिच्याकडे पाहिले. काही बोलणार तेवढ्यात माथ्यावर जीप दिसली.

इंद्रभानने या वेळी वरूनच दुसरा गिअर टाकला होता. अर्ध्या उतारापर्यंत तो हळू आला. मग मुद्दाम वेग दिला. वच्छलाला तो आवाजावरून कळला आणि तिने पोरीला छातीशी आवळले. खोलीचे चाक एका खड्ड्यात गेले. फाटलेला पत्रा फडफडला. खोली एकदा डुलली.

वच्छला पुढच्या झोक्याची वाट पाहत राहिली. तो आला नाही. जीप तिच्यासमोरून गेली, फरशीच्या अलीकडे इंद्रभानने ब्रेक दाबला आणि खोली जीपमागे सरळ रेषेत उभी राहिली.

कडी काढायची गरज पडली नाही. ती वाटेतच निघाली होती आणि देवमन सगळा उतार आतून दार हाताने धरून बसला होता. तो उतरला आणि त्याने धोतराचा खोचा सोडला.

"काई नाही," तो सुनेला म्हणाला. "खाटेवर बसल्यावानी आलो."

इंद्रभान स्टिअरिंगवरच बसून होता. खाली उतरून बायकोला विचारायची त्याची छाती होत नव्हती. वच्छला चालत जीपपाशी गेली.

"मी येतो," ती म्हणाली. "पन घर चाललं तर घरात कोनी बसनार नाही. मी नाही, पोरगी नाही, मामाजीबी नाही. मुक्कामी उभं राह्यलं म्हंजे मंग आत. पटते का?"

"पटते. पन बसनार कुठं? पुढं दोनच जागा."

"पुढं मी अन् बेबी. बांबू टाका त्या खोलीत."

इंद्रभानने बापाकडे पाहिले. पुढची जागा बापाची, यावर आजवर घरात कोणी बोलले नव्हते. देवमन जीपच्या मागे गेला आणि बांबू उपसू लागला. भाऊसिंग आणि इंद्रभानने ते खोलीत पुढच्या भिंतीला टेकवून बांधले. भोंगे तेवढे जीपमध्ये राहिले. त्यांच्यामधे देवमनने अंग दुमडून जागा केली.

"बाबा, पुढं तोंड करून बसा. उलटं बसलं तर मळमळंल."

"तू गाडी चालव," देवमन म्हणाला.

भाऊसिंगच्या गाड्या पुढे निघाल्या होत्या. सोनीबाईने गाडीतून मागे वळून वच्छलाला हात केला. इंद्रभानने जीप पहिल्या गिअरमध्ये फरशीवर घातली. वच्छलाने बेबीला मांडीवर घट्ट धरले होते आणि दुसरा हात समोरच्या लोखंडी दांड्यावर ठेवला होता. चढ संपून सपाट रस्ता लागला तरी तिने तो काढला नाही, आणि इंद्रभानने वेग वाढवला नाही.

मागे देवमन भोंग्यांच्या मधे उलटा बसून हुकाकडे पाहत होता. पोहरादेवीच्या जत्रेतली पाले दिसू लागली, लोकांचा गलका ऐकू येऊ लागला, तरी त्याने मान वळवली नाही.